दारिद्र्याचे व्रत कोणाला परवडते?



आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला एक पोरगा येतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात वर्ग संपल्यावर तो मागे रेंगाळला. म्हणाला, "दादा, तुम्हाला हसू येईल, पण एक विचारायचंय. हॉस्टेलवर आम्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. मी मंक घेतलाय आणि त्याला दारिद्र्याचं व्रत लावलंय. एकही वस्तू बाळगायची नाही. सगळे म्हणतात, कॅरेक्टर वाया घालवलंस. पण हा तर आपला भिक्खूच झाला ना? मग वाया कसा?"

मला हसू आले नाही. मी त्याच्याकडून ती जाडजूड पुस्तके मागून घेतली आणि तीन आठवडे वाचली. आपल्यातले काही कार्यकर्ते विचारतील, चळवळीची एवढी कामे पडलेली असताना खेळाच्या पुस्तकात काय डोके घालता? माझे उत्तर सोपे आहे. कोणी काय बाळगावे आणि कोणी काय बाळगू नये, हे लिहून ठेवणाऱ्या पुस्तकांकडे दुर्लक्ष करणे आपल्या समाजाला कधीच परवडलेले नाही. मग ते पुस्तक खेळाचे का असेना.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचे एक कॅरेक्टर असते: योद्धा, जादूगार, चोर, पुरोहित, मंक असे काहीतरी. डंजन मास्टर नावाचा एक जण गोष्ट पुढे नेतो, राक्षस उभे करतो, गावे आणि भुयारे वर्णन करून सांगतो. काय साधले आणि काय फसले, ते फासे ठरवतात. कॅरेक्टर पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत चढत जाते. वाटेत खजिना मिळतो आणि त्यातून जादूच्या तलवारी, अंगठ्या, झगे विकत घेतले जातात. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली बाहेर पडला. आमचा पोरगा खेळतो ती त्याची तिसरी आवृत्ती, खरे तर साडेतीनवी, २००३ सालची. सिनिअर पोरे जाताना पुस्तके मागे ठेवून गेली, म्हणून हीच आवृत्ती.

दारिद्र्याचे व्रत, म्हणजे 'व्हाव ऑफ पॉव्हर्टी', त्याच २००३ साली 'बुक ऑफ एग्झॉल्टेड डीड्स' या पुस्तकात आले. जेम्स वायट, ख्रिस्तोफर पर्किन्स आणि डॅरिन ड्रेडर हे त्याचे लेखक. आदल्या वर्षी याच कंपनीने दुष्टपणावर एक पुस्तक काढले होते, हे सज्जनपणावरचे. व्रताचे नियम कडक आहेत. अंगावर साधे कपडे, फार तर टोपी आणि चपला. हातात साधी काठी किंवा तसलेच बिनजादूचे साधे हत्यार. झोळीत एका दिवसाचे अन्न. मंत्राला लागणाऱ्या सामग्रीची पिशवी चालते. बाकी काही नाही. मित्राने दिलेले औषध पिता येते, मित्राच्या जादूच्या वाहनावर बसता येते. पण मित्राचा जादूचा झगा एका फेरीपुरतासुद्धा अंगावर घेता येत नाही. घेतला की व्रत मोडले आणि मोडलेले व्रत पुन्हा कधीच जोडता येत नाही.

आता त्याच्या मित्रांचा आक्षेप तपासू. तो नुसता टवाळीचा नाही, हिशेबाचा आहे, म्हणून हिशेबानेच बघायला हवा.

कोणत्या लेव्हलच्या कॅरेक्टरकडे साधारण किती संपत्ती असावी, याचा तक्ता डंजन मास्टरच्या पुस्तकात छापलेला आहे. पाचव्या लेव्हलला ९,००० सोन्याची नाणी, दहाव्याला ४९,०००, विसाव्याला ७,६०,०००. व्रत घेणाऱ्याने हे सगळे सोडायचे. बदल्यात व्रत त्याला लेव्हलमागून लेव्हल अंगभूत शक्ती देते. पहिल्याच लेव्हलला बचावात चारची वाढ मिळते आणि ती वाढत वाढत दहापर्यंत जाते. पाचव्या लेव्हलपासून अन्नपाण्याची गरज उरत नाही. बाराव्यापासून श्वासाचीही नाही. अठराव्याला कोणतीही माया आरपार दिसू लागते.

पाचव्या लेव्हलला थांबून बघा. या मंकाच्या बचावात पाचची भर पडली आहे. तेवढी भर देणारी जादूची मनगटबंदे घ्यायची तर २५,००० नाणी लागतात. त्याच्या ठोशात जादू उतरली आहे. त्यासाठीचा ताईत ६,००० चा. अन्नपाण्यावाचून भागवणारी अंगठी २,५०० ची. म्हणजे ३३,५०० नाण्यांचा माल त्याच्या अंगात आहे आणि व्रत घेतले नसते तर खिशात होती फक्त ९,०००. खालच्या लेव्हलला हे व्रत तोट्याचे तर नाहीच, चांगले फायद्याचे आहे. शिवाय ते चोरता येत नाही. शत्रूने सगळ्यांना पकडून नागवे करून कोठडीत टाकले तर तलवारबहाद्दर योद्धा रिकाम्या हाताने बसतो आणि आपला मंक मात्र कालच्याइतकाच बळकट असतो.

वर गेल्यावर मात्र पारडे फिरते. विसाव्या लेव्हलला समोर उडणारा ड्रॅगन असतो आणि मंकाला उडता येत नाही. इतर जण १७,००० नाण्यांचा उडता झाडू घेऊन वर जातात. हा खाली काठी घेऊन उभा. संपत्तीचा खरा उपयोग आकडे वाढवण्यात नसतो. नवी गरज उभी राहिली की तिच्यासाठी नवे साधन घेता येते, यात असतो. व्रत आकडे देते, निवड देत नाही. त्यात हे व्रत पहिल्याच लेव्हलला घ्यायला दोन फीट लागतात, म्हणून त्या लेव्हलला ते जादा फीट मिळणाऱ्या मानवालाच जमते. जादूगाराला तर मंत्रांची पोथीसुद्धा बाळगता येणार नाही. मुरलेले खेळाडू म्हणतात, हे व्रत शोभते ड्रुइडला, कारण तो प्राण्याचे रूप घेतो तेव्हा त्याच्या वस्तू तशाही निरुपयोगी होतात आणि व्रताची शक्ती मात्र टिकते. जे पात्र मुळात वस्तूंवाचून चालते त्यालाच वस्तूंचा त्याग स्वस्त पडतो. ज्या मंकासाठी हे व्रत चित्रात इतके शोभून दिसते, त्याला ते महाग पडते.

तेव्हा मित्रांचे म्हणणे अर्धे खरे आहे. खेळ दहाव्या लेव्हलच्या आत संपणार असेल तर मंक चांगला, पुढे चालणार असेल तर लंगडा.

पण माझी नजर अडकली ती दुसऱ्याच तक्त्यावर. खेळाडूच्या पुस्तकात वस्तूंचे आणि सेवांचे दर आहेत. अकुशल मजुराची मजुरी: दिवसाला एक चांदीचे नाणे. दहा चांदीची नाणी म्हणजे एक सोन्याचे. त्याच तक्त्यात जेवणाचे दर आहेत. गरिबाचे दिवसभराचे जेवण: एक चांदीचे नाणे. सराईत गरिबाच्या अंथरुणाचे रात्रीचे भाडे: दोन चांदीची नाणी. म्हणजे दिवसभर राबणारा माणूस त्या पैशात एकट्याचे पोट कसेबसे भरेल. बायकोपोरे त्याला परवडत नाहीत, छप्पर परवडत नाही, आजारी पडणे तर नाहीच नाही. जखम भरून काढणारे सगळ्यात साधे औषध ५० सोन्याच्या नाण्यांचे, म्हणजे ५०० दिवसांची मजुरी.

दहाव्या लेव्हलच्या वीराकडची ४९,००० नाणी म्हणजे ४,९०,००० दिवसांची मजुरी. एकही खाडा न करता १,३४२ वर्षे. विसाव्या लेव्हलची संपत्ती २०,८२२ वर्षांची. कोणी म्हणेल, अहो, हा खेळ आहे, अर्थशास्त्राचे पुस्तक नव्हे. मान्य. पण दर त्यांनीच छापले आहेत, मी नाहीत.

आता सांगा, या जगात गरीब कोण? पाचव्या लेव्हलला ज्याला भूक लागत नाही तो मंक, की एका नाण्यावर राबणारा तो मजूर? दोघांकडेही काठी आणि जाडेभरडे कापड आहे. वस्तूंची यादी केली तर फरक सापडणार नाही. पण मजुराच्या बचावात चारची वाढ कोणी केलेली नाही. त्याने व्रत घेतलेच नाही, कारण सोडायला त्याच्याकडे काही नव्हते. ते पुस्तक बक्षीस देते ते दारिद्र्याला नव्हे. जे मिळणे शक्य होते ते सोडले, याचे ते बक्षीस आहे. त्यागाची किंमत मागे टाकलेल्या संपत्तीवरून ठरते आणि म्हणून हे व्रत परवडते फक्त ज्याच्या वाट्याला खजिना येणार आहे त्याला.

हा नियम इथवर आला कसा, तो इतिहास बघण्यासारखा आहे. १९७४ च्या मूळ खेळात त्याग बसणेच शक्य नव्हते, कारण तिथे लोभ हेच इंजिन होते. भुयारातून आणलेले एक सोन्याचे नाणे म्हणजे अनुभवाचा एक गुण. राक्षस मारून मिळणारे गुण त्यामानाने किरकोळ. जो जास्त सोने आणेल तो वर चढेल. पुढे १९७८ च्या 'ॲडव्हान्स्ड' खेळाडू-पुस्तकात पॅलाडिन या धर्मयोद्ध्यावर बंधने आली: उत्पन्नाचा दहावा हिस्सा दान आणि दहापेक्षा जास्त जादूच्या वस्तू नाहीत. रेंजरने तर अंगावर आणि घोड्यावर मावेल तेवढेच ठेवायचे. संयमाची ही बीजे आहेत, पण बघा, दहा जादूच्या वस्तू! २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत सोन्यासाठी गुण मिळणे बंद झाले आणि सोन्याचे रूपांतर वस्तूंमध्ये झाले. प्रत्येक लेव्हलला अमुक वस्तू अंगावर असणारच, असे गृहीत धरून राक्षस बनवले गेले. वस्तूंवाचून कॅरेक्टर जगेनासे झाले, तेव्हाच वस्तूंवाचून जगण्याचा नियम लिहिणे भाग पडले.

आणि मंक? तो आला १९७५ साली, 'ब्लॅकमूर' या पुरवणीतून. अमेरिकेत तेव्हा कुंग-फूची लाट होती. 'कुंग फू' ही मालिका १९७२ पासून टीव्हीवर चालू होती, ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' १९७३ चा. झगा, मुंडण आणि रिकाम्या हाताचा ठोसा तिथून उचलला गेला. बुद्ध उचलला गेला नाही आणि संघही नाही. याचा पुरावा नियमांतच आहे. त्या जुन्या मंकाच्या वरच्या पायऱ्यांवर जागा मोजक्या होत्या, आणि अगदी वरची 'ग्रँड मास्टर ऑफ फ्लॉवर्स' ही पदवी एका वेळी एकालाच. वर चढायचे तर तिथे बसलेल्याला द्वंद्वात हरवायचे. हरलात तर खाली.

याच्यासमोर आपला संघ ठेवा. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली नावाचा न्हावी होता. राजपुत्रांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल, आम्ही त्याला वंदन करू आणि आमचा कुळाचा गर्व उतरेल. तसेच झाले. पुढे पहिल्या संगीतीत विनय सांगण्याचा मान याच उपालीकडे आला. संघात ज्येष्ठता ठरायची ती दीक्षेच्या वेळेवरून. ठोशावरून नाही, कुळावरून तर नाहीच.

म्हणून पोराच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. खेळातला मंक हा आपला भिक्खू नव्हे.

मग व्रत तरी आपले आहे का? तेही नाही. ज्या पुस्तकात ते आहे त्यात ब्रह्मचर्याचे आणि आज्ञापालनाचेही व्रत आहे. दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन ही त्रयी युरोपातल्या कॅथलिक मठांची. तिथेही दारिद्र्य म्हणजे काय यावरून रक्त सांडले आहे. असिसीच्या फ्रान्सिसने आपल्या बंधुसंघासाठी जी नियमावली केली तिला १२२३ साली पोपची मान्यता मिळाली. काहीच मालकीचे ठेवायचे नाही. पण मग राहते घर, अंगावरचा झगा, हातातले पुस्तक कोणाचे? १२७९ साली तिसऱ्या निकोलस पोपने तोड काढली: मालकी पोपची, वापर फक्त फ्रान्सिस्कनांचा. पुढे बाविसाव्या जॉन पोपला ही कायदेशीर कसरत पटली नाही. व्रताच्या कडकपणावर अडून बसलेल्या चार फ्रान्सिस्कनांना १३१८ साली मार्सेय शहरात जाळले गेले. १३२३ साली तर त्याच पोपने जाहीर केले की ख्रिस्त आणि त्याच्या शिष्यांच्या मालकीचे काहीच नव्हते असे म्हणणे हा पाखंड आहे. श्रीमंत चर्चच्या दारात गरीब ख्रिस्त उभा करणे धोक्याचे होते, दुसरे काय! खेळातल्या नियमाने 'बाळगणे' आणि 'वापरणे' ही दोन्ही क्रियापदे एका दमात बंद केली आहेत, त्यामागे हा जुना वाद उभा आहे, लेखकांना तो आठवत असो वा नसो.

भिक्खूची गोष्ट वेगळी. त्याच्याकडे आठ वस्तू असतात: तीन चीवरे, भिक्षापात्र, कमरपट्टा, सुई, वस्तरा आणि पाणी गाळायचे गाळणे. सुई आहे, कारण चीवर फाटले तर शिवायचे आहे. गाळणे आहे, कारण पाण्यातला जीव पोटात जाऊ नये. ही यादी उपासमारीची नाही, पुरेसेपणाची आहे. मात्र वैयक्तिक मालकी नाही म्हणजे संघाकडे काहीच नाही असे नव्हे. अनाथपिंडिकाने जमिनीवर नाणी अंथरून जेतवन विकत घेतले आणि ते संघाला दिले. विहार, पलंग, भांडी संघाची आणि संघाच्या वस्तू कोणी वाटून घ्यायच्या नाहीत. बाबासाहेबांनी 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात हे नियम एकेक करून मांडले आणि दाखवून दिले की खाजगी मालमत्तेबाबत विनयपिटक रशियापेक्षा कडक आहे, तेही बळजबरीवाचून.

चुकीचे काय होते तेही बघा. भिक्खूने सोने-चांदी स्वीकारली तर ती सोडून द्यायची आणि संघापुढे दोष कबूल करायचा. झाले. तो भिक्खूच राहतो. कायमचे बाहेर काढणारे दोष भिक्खूसाठी चारच. आणि खेळात? मित्राचा झगा सहा सेकंद अंगावर घेतला की सगळे गेले, जन्माचे गेले. माणसाला चुकण्याची सोय नसलेला नियम माणसासाठी नसतो, नियमाच्या शुद्धतेसाठी असतो. शुद्धतेच्या नियमांचा आपला अनुभव काय आहे ते मी सांगायला नको.

आता आपल्या घरची एक यादी. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी वस्तूंची यादी आहे. वस्ती गावाबाहेर. अंगावर प्रेताची वस्त्रे. जेवायला फुटकी भांडी. दागिने लोखंडाचे. धन म्हणजे कुत्री आणि गाढवे. एका जागी न राहता सतत भटकणे. त्याच अध्यायात पुढे शूद्रासाठी फर्मान आहे की सामर्थ्य असले तरी त्याने धनसंचय करू नये. वाचताना मी चमकलो, कारण ही अगदी त्या खेळाच्या पुस्तकासारखी नियमबद्ध यादी आहे: काय बाळगावे, काय बाळगू नये. पण इथे कोणी व्रत घेतलेले नाही. इथे जन्म झाला की यादी लागू. दर दुसऱ्या लेव्हलला बक्षिसाची फीट नाही, कारण लेव्हल चढायचीच मनाई आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे पुस्तक जळले त्यात ही यादी होती.

म्हणून साधेपणाचे कौतुक ऐकले की आपल्या माणसाने आधी विचारावे, यादी कोणी लिहिली? घेणाऱ्याने स्वतः की दुसऱ्याने? १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या पुस्तकात बाबासाहेबांनी गांधीवादावर टीका केली ती याच जागेवरून. यंत्र टाका, गरजा कमी करा, हा उपदेश आधीच राबून राबून मोडलेल्या माणसाला करण्यात काय अर्थ? त्याला फुरसत हवी, संस्कृती हवी आणि ती यंत्रावाचून मिळणार नाही. बाबासाहेब स्वतः सुटाबुटात राहिले आणि घरात हजारो पुस्तके ठेवली. बुद्धानेही दारिद्र्य ही पुण्यस्थिती आहे असे गृहस्थांना कधी सांगितले नाही, हे ते वारंवार लिहितात. प्रामाणिकपणे कमवा, नीट वापरा, हा त्या धम्माचा उपदेश.

मग भिक्खू कशाला? हा प्रश्न बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'च्या प्रस्तावनेतच उभा केला आहे. बुद्धाने भिक्खू निर्माण केला तो परिपूर्ण माणूस म्हणून की समाजाचा सेवक म्हणून? नुसता परिपूर्ण माणूस असेल तर तो स्वतःपुरता आहे आणि धम्माच्या प्रसाराला निरुपयोगी आहे. समाजसेवक असेल तर त्याच्याकडून आशा आहे. मित्रांनो, हाच काटा मी त्या खेळातल्या मंकाला लावला, आणि तेव्हा मला पुस्तकातला तो भाग दिसला ज्याच्याकडे हिशेबी खेळाडू सहसा बघत नाहीत.

व्रतस्थाने खजिन्यातला आपला हिस्सा सोडून द्यायचा नाही, अशी पुस्तकाची अपेक्षा आहे. हिस्सा घ्यायचा आणि गरजूंना द्यायचा. चार साथीदारांनी पाचव्याचा वाटा आपसात वाटून घ्यायचा नाही. म्हणजे दहाव्या लेव्हलपर्यंत या मंकाच्या हातून अंदाजे ४९,००० नाणी गरजूंकडे गेलेली असली पाहिजेत. नियमाचा हा अर्धा भाग टेबलावर एका वाक्यात उरकला जातो: "माझा वाटा गरिबांना दिला." कोणत्या गरिबांना? कुठे? त्याचे काय झाले? कोणी विचारत नाही. बचावातली चारची वाढ मात्र सगळे लक्षात ठेवतात.

पुढच्या काळात नियम लिहिणाऱ्यांनी हा प्रश्न सोडवला नाही, बाजूला सारला. पाथफाइंडर या भावंड-खेळाने २०११ साली मंकाला सहा वस्तूंची मुभा देणारे सौम्य व्रत आणले. त्यात मंकाला थोडी 'की' शक्ती जास्त मिळते आणि बहुतेक खेळाडूंना तो सौदा अगदीच तोट्याचा वाटला. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वस्तूंवाचूनही कॅरेक्टर नीट चालेल अशी रचना केली आणि मोठ्या जादूच्या वस्तूंशी एका वेळी तीनदाच नाते जोडता येईल असे बंधन घातले. व्रताची गरजच संपली. मजुराच्या मजुरीकडे मात्र कोणी फारसे वळून पाहिले नाही.

चौथ्या रविवारी मी पोराला पुस्तके परत केली आणि वरचे सगळे, याहून कमी शब्दांत, सांगितले. म्हणालो, "कॅरेक्टर ठेव, बदलू नकोस. पण एक वही घाल. तुझा वाटा कुठे गेला ते त्यात लिही. नाहीतर तो मंक नुसता काठी घेतलेला श्रीमंत आहे."

परवा तो भेटला. त्यांच्या गोष्टीत एक गाव लागले, तिथे बाहेरच्या वस्तीला पाणी नव्हते. याने आपल्या वाट्यातून विहीर खणायची ठरवली. डंजन मास्टरने पुस्तके उलटली. किल्ल्याचा दर सापडला: ५,००,००० नाणी. खंदकाचा आणि पुलाचा सापडला. खेळाडूच्या पुस्तकातही पाहिले, विहिरीचा दर कुठे मिळेना. शेवटी दोघांनी मजुरांवरून हिशेब मांडला. वीस माणसे, साठ दिवस, दिवसाला एक चांदीचे नाणे, म्हणजे १२० सोन्याची नाणी.

"मी म्हटलं, एक नाही, तीन द्यायची," पोरगा सांगत होता. "तर दादा, तो म्हणतो, नियमात एकच आहे. त्यावरच दीड तास भांडण झालं. ड्रॅगन राहिला बाजूला."

"मग?"

"तीनच लिहिली वहीत. ३६० नाणी. पुढच्या शनिवारी खणायला सुरुवात."